जीव कशास म्हणावे?

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी क्षेत्र कोणते व क्षेत्रज्ञ कोण, हे अर्जुनास समजावून दिले आहे. हा विवेक संन्याशांनी करावा, प्रपंचात गुंतलेल्या गृहस्थास त्याचे काय प्रयोजन, असे पुष्कळांस वाटते. परंतु आज तोच प्रश्न घरोघरीची मुले वडीलधाऱ्यांस विचारू लागली आहेत. हिशेब करणारे, भाषांतर करणारे, विचारलेल्या प्रश्नास क्षणार्धात उत्तर देणारे यंत्र त्यांच्या हाती आले आहे. तेव्हा मनुष्यापाशी त्याहून अधिक असे काय आहे, ही शंका त्यांच्या मनात यावी हे स्वाभाविकच होय. मुलांना दटावून गप्प बसविल्याने शंका मिटत नाही. तिचे समाधानच करावे लागते.

दृष्टांतासाठी भिलाईचे एक घर घ्यावे. छत्तीसगढातील हे पोलादनगर मुंबई-हावडा लोहमार्गावर, नागपूर व रायपूर ह्यांच्या दरम्यान वसले आहे. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभारलेल्या येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते सुरू झाली. पुढे देशाच्या नाना प्रांतांतील माणसे येथे पोटापाण्यासाठी आली व येथलीच झाली. त्यांपैकीच एक मराठी कुटुंब सेक्टर १० मध्ये राहते असे समजावे. आजोबांचे उभे आयुष्य झोतभट्टीपाशी गेले. नातू अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. दिवेलागणीस आजोबा गीतेचा एक अध्याय वाचतात आणि घरची मंडळी भोवती बसून ऐकतात.

एके दिवशी तेरावा अध्याय संपल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, राग मानू नका, पण ह्या क्षेत्रज्ञाची आता गरज उरलेली दिसत नाही. जो विचार करतो तो जीव म्हणावा, तर संगणकही विचार करतो, आणि आपल्यापेक्षा वेगाने करतो. मग त्यालाही जीव म्हणावे लागेल, नाहीतर आपल्यातही जीव नाही असे म्हणावे लागेल."

आजोबा हसून म्हणाले, "बाळ, आधी मला हे सांग, माझी भट्टी जिवंत होती की नव्हती? ती दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज खात असे. कोक कोळसा आणि चुनखडी खात असे. तापलेली हवा तिच्या पोटात सारखी जात असे, म्हणजे ती श्वास घेत असे. लोखंड देत असे आणि मळी बाहेर टाकत असे. एकदा पेटली म्हणजे वर्षानुवर्षे विझत नसे. आम्ही निळ्या काचेआडून झरोक्यातून तिच्या पोटात पाहत असू आणि आज हिची प्रकृती बरी नाही, असे एकमेकांस सांगतही असू. पण तिला कोणी कधी जिवंत मानले नाही. का मानले नाही?"

नातू विचारात पडला. हा प्रश्न केवळ त्या मुलासच अडविणारा नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांसही त्याने अडविले आहे. खाणे, श्वास घेणे, वाढणे, मळ टाकणे ही जीवाची लक्षणे म्हणावीत, तर त्यांतील बहुतेक भट्टीच्या ठायी आहेत. आणि वाढणे व पसरणे तर वणव्यातही आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनी धातूवर विद्युत्प्रयोग करून असे दाखविले की, वारंवार उत्तेजन दिले असता प्राण्याच्या स्नायूप्रमाणे धातूचा प्रतिसादही मंदावतो, आणि विश्रांती मिळाल्यावर पूर्ववत होतो. १९०२ मध्ये ह्या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पदार्थशास्त्रज्ञ श्रोडिंगर ह्यांनी जीवन म्हणजे काय, ह्याच प्रश्नावर १९४४ मध्ये पुस्तक लिहिले. सजीव पदार्थ भोवतालातून सुव्यवस्था शोषून घेऊन आपला ऱ्हास लांबवितो, असा त्यांचा विचार होता. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेच्या एका समितीने, स्वतःस टिकविणारी व उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था म्हणजे जीवन, अशी व्याख्या केली. ती संशोधनास उपयोगी आहे. तथापि सामान्यतः ज्यास संतती होत नाही ते खेचर उत्क्रांत कसे होणार? म्हणून खेचर निर्जीव आहे, असे त्याच्या पाठीवर ओझे लादणाराही म्हणणार नाही. तात्पर्य, बाहेरून मोजता येणाऱ्या लक्षणांनी जीवाच्या देहाचे वर्णन होते. त्या देहात कोण आहे, ते कळत नाही.

आता बुद्धीची गोष्ट पाहावी. इंग्लंडमधील गणितज्ञ अ‍ॅलन ट्यूरिंग ह्यांनी १९५० मध्ये असे सुचविले की, लेखी संभाषणात यंत्र कोणते व मनुष्य कोण हे ओळखता आले नाही, तर यंत्र विचार करते असे मानण्यास हरकत नसावी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये चालू झाला. पुण्यात १९९१ मध्ये 'परम' हा महासंगणक सिद्ध झाला. १९९७ च्या मे महिन्यात 'डीप ब्लू' नामक संगणकाने बुद्धिबळाचे जगज्जेते कास्पारॉव्ह ह्यांस न्यूयॉर्क येथे सामन्यात हरविले. आणि २०२२ च्या अखेरीपासून तर मनुष्याप्रमाणे संभाषण करणारे संगणक सर्वसामान्यांच्या हाती आले. मनुष्यांनी लिहिलेला अफाट मजकूर ह्या संगणकास पुरविलेला असतो; त्यातील शब्दांचे परस्परसंबंध त्याने गणिताने टिपून ठेवलेले असतात, आणि त्यांच्या आधारे पुढचा शब्द कोणता यावा, हे ठरवीत ठरवीत तो उत्तर रचतो. हे मनुष्याच्या बुद्धीचे मोठेच यश आहे. त्यास तुच्छ लेखण्याचे कारण नाही.

परंतु त्या सामन्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी घडली. कास्पारॉव्ह ह्यांस पराभव झोंबला. जिंकलेल्या यंत्रास हर्ष झाला नाही. चाली दोघांनीही केल्या, पण सामना एकाच्याच अनुभवास आला.

ह्या ठिकाणी गीतेचा सिद्धांत नीट पाहिला पाहिजे. बुद्धी म्हणजेच आत्मा, असे भगवंतांनी कोठेही सांगितलेले नाही. उलट सातव्या अध्यायात पृथ्वी, जल, अग्नी, वायू व आकाश ह्यांच्याच पंक्तीस मन, बुद्धी आणि अहंकार ह्यांस बसवून ही आठ प्रकारची अपरा प्रकृती होय, असे सांगितले आहे. आणि जिच्यायोगे हे जग धारण केले जाते ती जीवरूप परा प्रकृती हिच्याहून वेगळी म्हटली आहे. तेराव्या अध्यायातही बुद्धीची गणना क्षेत्रात आहे, क्षेत्रज्ञात नाही. अर्थात बुद्धी ही, मातीप्रमाणेच, जाणली जाणारी वस्तू आहे; जाणणारा तिच्या पलीकडे आहे. म्हणून बुद्धीची काही कामे उद्या सर्वस्वी यंत्राने केली, तरी गीतेच्या सिद्धांतास धक्का लागत नाही. धक्का लागतो तो आपल्या गर्वास. माझी बुद्धी म्हणजेच मी, असे ज्याने मानले असेल, त्यास संगणकाचे भय वाटणारच.

येथे कोणी म्हणेल, सुखदुःखे ही तर त्याच क्षेत्राच्या यादीत आहेत. मग त्यांवरून जीव कसा ओळखावा? शंका योग्य आहे. सुखदुःखे क्षेत्रातच घडतात. परंतु त्यांच्या भोगास पुरुष हाच कारण आहे, असे त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे. दुःख म्हटले की ते कोणाचे तरी असते. कोणाचेही नसलेले दुःख ही वस्तूच संभवत नाही. हिशेब मात्र कोणाचाही नसला तरी होतो.

दुसरे कोणी विचारील, ईश्वर सर्वत्र भरला आहे, मग तो यंत्रात नाही काय? आहे, दगडात आहे तसा यंत्रातही आहे. परंतु सूर्याचा प्रकाश भिंतीवर आणि आरशावर सारखाच पडला, तरी प्रतिबिंब आरशातच उमटते. मनुष्याने घडविलेली एखादी भिंत पुढे कधी आरसा होईल काय, ह्याचा निकाल गृहस्थाने आज देण्याचे कारण नाही. मात्र यंत्राने 'मला वाईट वाटते' असे म्हटले, एवढ्यावरून त्यास वाईट वाटले असे ठरत नाही, हे त्याने ओळखावे. ते शब्द ज्यांना वाईट वाटले होते त्या माणसांकडूनच यंत्राकडे आले आहेत.

आता पुन्हा त्या घराकडे वळावे. पुढे थोड्याच दिवसांनी राजनांदगावाहून निरोप आला की, आजोबांच्या एका जुन्या सोबत्याची पत्नी निवर्तली. दोघांनी भट्टीवर अनेक वर्षे एकाच पाळीत काम केले होते. आजोबांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते नातवास म्हणाले, "माझ्या नावाने चार ओळी लिही." नातवाने संगणकास सांगितले आणि क्षणभरात उत्तम हिंदीत पत्र तयार झाले. भाषा शुद्ध होती, सांत्वनाचे शब्द योग्य होते, एकही ओळ अधिक-उणी नव्हती. आजोबांनी ते दोनदा वाचले.

"पत्र चांगले आहे," ते म्हणाले. "मला इतके चांगले लिहिता आले नसते. पण बाळ, हे लिहिताना वहिनींची आठवण कोणाला झाली?"

नातू निरुत्तर झाला. त्याने त्या काकूंच्या हातचे कितीतरी वेळा खाल्ले होते. आणि पत्र तयार होईपर्यंत त्या त्याच्या मनात एकदाही आल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघे राजनांदगावास गेले. आजोबा त्या मित्राजवळ जाऊन बसले. तासभर कोणी फारसे बोलले नाही. शेवटी तो म्हातारा एवढेच म्हणाला, "भाऊ, तुम्ही आलात." नातवाने पाहिले की, आजोबांनी सांत्वनाचा एकही शब्द उच्चारला नव्हता; तरी जे पत्राने झाले नसते ते झाले होते. काकूंची आठवण येऊन त्याचेही डोळे भरून आले. क्षेत्रज्ञ कोठे आहे, हे त्यास त्या दिवशी पुस्तकाशिवाय कळले.

महाराष्ट्रात ज्ञानेश्वर माउलींची एक कथा सर्वांस ठाऊक आहे. पैठणच्या विद्वत्सभेत त्यांनी सर्वांभूती एकच आत्मा आहे असे सांगितले, तेव्हा कोणी उपहासाने जवळून जाणाऱ्या रेड्याकडे बोट दाखविले. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला गेला आणि त्याचे वळ माउलींच्या पाठीवर उमटले. मग त्याच रेड्याच्या मुखातून वेद वदविले गेले. जुन्नर तालुक्यात आळे येथे त्या रेड्याची समाधी असून भाविक आजही तेथे जातात. ह्या कथेत लोकांस रेड्याने वेद म्हटल्याचेच आश्चर्य वाटते. परंतु वेद म्हणणे हा त्यातील लहान भाग आहे. अर्थ न जाणता पठण होऊ शकते, हे आज कोणतेही यंत्र दाखवील. मोठा भाग तो वळांचा. आसूड एकाच्या पाठीवर पडावा आणि वळ दुसऱ्याच्या पाठीवर उमटावा, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. बसते ते आत्मैक्यात. इतरांचे सुखदुःख जो आपल्यावरून जाणतो तो श्रेष्ठ योगी, असा सहाव्या अध्यायात भगवंतांचा निर्वाळा आहे.

तेव्हा खरे भय यंत्र मनुष्यासारखे होईल ह्याचे नसून मनुष्य यंत्रासारखा होईल ह्याचे आहे. ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहून, जणू यंत्रावर बसविल्याप्रमाणे, त्यांस मायेने फिरवीत असतो, असे अठराव्या अध्यायात म्हटले आहे. भिलाईच्या आठव्या झोतभट्टीस 'महामाया' असे नाव आहे. २०१८ मध्ये ती कार्यान्वित झाली. ज्या नगरात भोंग्याबरोबर उठावे, पाळीवर जावे, परत यावे व निजावे, तेथील गृहस्थास ह्या श्लोकाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. आणि तसे पाहता, सर्वच नगरांतील गृहस्थांची आता हीच स्थिती आहे. जो वृद्ध पित्यास औषधाच्या वेळा सांगतो पण त्याच्याजवळ बसत नाही, जो घरी राबणाऱ्या बाईच्या कामाचा हिशेब ठेवतो पण तिचा ताप ओळखत नाही, जो मुलाचे गुण मोजतो पण त्याचे भय जाणत नाही, त्याने आपले क्षेत्र उत्तम राखले असेल. क्षेत्रज्ञास मात्र तो विसरला आहे.

ह्यातून सुटण्याचा मार्गही त्याच अध्यायात आहे. सर्व उपदेश झाल्यावर भगवंत अर्जुनास सांगतात की, ह्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर. मनुष्याचा एवढा मोठा गौरव दुसरा नाही. यंत्रास आज्ञा देता येते. 'तुला वाटेल तसे कर, आणि त्याचे फळ तुझे' असे त्यास म्हणता येत नाही. म्हणून संगणकाचे साहाय्य गृहस्थाने अवश्य घ्यावे. त्यास माहिती विचारावी, हिशेब करवून घ्यावा. पण आपला धर्म त्याच्यावर सोपवू नये. क्षमा मागावयाची असेल तर स्वतः मागावी, दुःखितापाशी स्वतः जावे, निर्णय करावयाचा तो स्वतः करावा आणि त्याचे दायित्वही स्वतः घ्यावे.

त्या घरी आजही सायंकाळी अध्याय वाचला जातो. नातवाचा संगणक शेजारच्या खोलीत चालू असतो, आणि आजोबांस त्याचे काही वाटत नाही. राजनांदगावच्या त्या काकांस मात्र नातू दर आठवड्यास स्वतःच्या हाताने पत्र लिहितो. त्यात शुद्धलेखनाच्या चुका असतात. काका ती सगळी पत्रे जपून ठेवतात.