शिवी, अभिरुची आणि शब्दाचे मोल

आंतरजालावरील मालिकांमध्ये मुक्तपणे उच्चारल्या जाणाऱ्या शिव्यांमुळे सांस्कृतिक पातळी खालावते काय, हा प्रश्न २०१८ पासून, म्हणजे ‘सेक्रेड गेम्स’ आणि ‘मिर्झापूर’ या मालिका घरोघर पोचल्यापासून, वारंवार उपस्थित केला जात आहे. त्यावर दोन ठरीव उत्तरे दिली जातात. एका पक्षाच्या मते शिवी म्हणजे अभिरुचीचा ऱ्हास. दुसऱ्या पक्षाच्या मते ती वास्तवाची निखळ नोंद. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही भूमिकांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. शिवी हा शब्दाचा अंगभूत गुण असून तो शब्दाबरोबर कोठेही जसाच्या तसा नेता येतो, असे दोन्ही पक्ष मानतात. वस्तुतः शिवी ही एक कृती आहे. कोणी, कोणाला, कोणत्या नात्यात आणि कोणती जोखीम पत्करून ती दिली, यावर तिचा अर्थ आणि तिचे मूल्य अवलंबून असते.

मराठीपुरते पाहिले तर शिवीला भाषेबाहेरची उपरी मानण्याची सोय इतिहासाने ठेवलेली नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात ठिकठिकाणी आढळणारे गधेगाळ हे या भाषेच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी आहेत. परळ येथे सापडलेल्या, शिलाहार राजा अपरादित्याच्या बाराव्या शतकातील शिलालेखात दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि दान मोडणाऱ्यास दिलेली गाळ तेवढी मराठीत आहे. दानाची प्रतिष्ठा देववाणीकडे आणि त्याच्या रक्षणाचा भार लोकभाषेतील शिवीकडे, अशी ही वाटणी होती. या गाळीला शासनाचे बळ होते. ती उच्चारणारी सत्ता तिच्या परिणामाला बांधलेली होती. मात्र आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दान मोडणारा पुरुष गृहीत धरलेला असला तरी गाळ पडते ती त्याच्या आईवर. शिवीचे लक्ष्य एक आणि तिची किंमत मोजणारी व्यक्ती दुसरी, ही रचना तेव्हापासून आजवर टिकून आहे.

शिवीच्या समर्थनार्थ बाख्तीनचा आधार घेण्याची प्रथा समीक्षेत रूढ आहे. राब्लेवरील आपल्या ग्रंथात त्याने बाजारातल्या शिवराळ भाषेला कार्निव्हलच्या संदर्भात वाचले आणि तीत हीन करणे व नवे करणे या दोन्ही क्रिया एकवटलेल्या दाखवल्या. कोकणातील शिमग्याच्या बोंबांकडेही याच दृष्टीने पाहता येईल. परंतु बाख्तीनच्या विवेचनातील एक अट सहसा विसरली जाते. कार्निव्हलमध्ये नट आणि प्रेक्षक असा भेद नसतो. जो शिवी देतो त्याला ती तिथल्या तिथे परत मिळू शकते. शिमग्याची मोकळीक ठरावीक दिवसांपुरती, ठरावीक गावापुरती आणि समोरासमोरची असते. पडद्यावरील शिवी बारमाही आणि एकतर्फी आहे. ती ऐकणारा बहुधा कानात यंत्र घालून एकटा बसलेला असतो आणि ती परतवून लावण्याची कोणतीही वाट त्याला नसते. अशा व्यवहाराला कार्निव्हल म्हणणे हा संज्ञेचा सैल वापर होय.

१९७२ हे वर्ष या संदर्भात उद्बोधक आहे. त्या वर्षी विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ परिनिरीक्षणाच्या आणि न्यायालयाच्या वादात सापडले आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. ढसाळांच्या कवितेतील शिवीने पांढरपेशा वाचकाची भाषिक सुरक्षितता मोडली. संग्रहाची प्रस्तावना लिहिताना तेंडुलकरांना अनेक शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले आणि कवीसोबत त्या वस्तीत हिंडावे लागले. शब्द कळण्यासाठी ज्या जगातून तो आला तेथवर जाणे भाग पडावे, हे त्या शिवीचे खरे वाङ्मयीन कार्य होते. ती देणाऱ्यापाशी गमावण्यासारखे फार थोडे होते आणि जे होते ते त्याने पणाला लावले होते.

या निकषावर आजच्या मालिका सरसकट नापास होतात, असे नाही. ‘सेक्रेड गेम्स’मधील गणेश गायतोंडे या पात्राची भाषा त्याच्या घडणीपासून वेगळी काढता येणार नाही, ती सौम्य केली तर पात्रच उरणार नाही. अडचण सुरू होते ती शिवी पात्राची न राहता माध्यमाची सवय होते तेव्हा. गुंड, विद्यार्थी, अधिकारी आणि वकील जेव्हा एकाच शिवीने वाक्याचा प्रारंभ आणि शेवट करतात, तेव्हा वास्तवाची नोंद होत नसून भाषेतील भेद पुसले जात असतात. वास्तववादाच्या नावाने वास्तवाचेच सपाटीकरण होते.

‘कॉलेज रोमान्स’ या मालिकेच्या प्रकरणात हा प्रश्न न्यायासनापुढे आला. मार्च २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्या भाषेला अश्लील ठरवले. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. असभ्य शब्द आणि अश्लीलता एक नव्हेत, अशा शब्दांचा वाच्यार्थ लैंगिक असला तरी वापरात ते राग, वैताग वा उद्वेग व्यक्त करतात, असे त्यामागील विवेचन होते. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. असभ्यतेसाठी तुरुंग हा उपाय असू शकत नाही. पण कायद्याचा प्रश्न संपतो तेथे नीतीचा प्रश्न सुरू होतो. वाच्यार्थ उरला नाही, असे म्हणताना तो कोणाच्या बाबतीत उरला नाही, हे विचारणे आवश्यक आहे. दोन मित्रांच्या वैतागाला वाट करून देण्यासाठी प्रत्येक वेळी कोणाची तरी आई वा बहीण लागतेच. स्त्रीपात्रांच्या तोंडीही त्याच शिव्या घातल्याने समता साधली, असा युक्तिवाद केला जातो. परंतु ती शिवी देणारी स्त्रीही किंमत दुसऱ्या स्त्रीकडूनच वसूल करते.

वापराने शब्द झिजतो आणि म्हणून निरुपद्रवी होतो, हा सिद्धान्त समाज स्वतःही सर्वत्र मान्य करत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, त्या जातीजमातींतील व्यक्तीला चारचौघांत जातीच्या नावाने केलेली शिवीगाळ स्पष्टपणे गुन्हा ठरवली. जातिवाचक शिवी कितीही वेळा उच्चारली तरी तिचा वाच्यार्थ मरत नाही, हे येथे ओळखले गेले. ज्याच्या अंगावर तो शब्द शतकानुशतके पडत आला आहे, त्याच्यासाठी तो झिजलेला नसतो. मग स्त्रीदेहावर बेतलेली शिवी मात्र निव्वळ उद्गारवाचक झाली, असे म्हणण्याचा अधिकार ती देणाऱ्याला कोठून मिळतो?

दुसरी हानी अधिक दूरगामी आहे. ज्यांच्यापाशी इतर साधन नव्हते त्यांनी शिवीला शस्त्र केले होते. तीच शिवी मनोरंजनाचा मसाला झाली की तिच्यातील संतापही स्वस्त होतो. उद्या एखादा नवा ढसाळ याच शब्दांनी बोलू लागला, तर वाचक दचकण्याऐवजी सरावाने हसण्याचा संभव आहे. सांस्कृतिक पातळीची चिंता करायची तर ती येथे करावी लागेल. २०२१ च्या नियमांनुसार मालिकांवर वयोगटाची मोहोर उमटते. ती प्रेक्षकाचे वय पाहते, शब्दाचे प्रयोजन पाहत नाही. ते काम समीक्षेचे आहे. ही शिवी कोण कोणाला देतो, कोणाच्या जिवावर देतो आणि ती दिल्यानंतर त्या दोघांच्या नात्यात काही बदलते काय, एवढे प्रश्न प्रत्येक मालिकेला विचारता येतात. ज्या मालिकेपाशी त्यांची उत्तरे असतील, तिला केवळ शिवराळपणासाठी दोष देण्याचे कारण नाही.