घराची किंमत कोण मोजतो?

लग्न ठरले, दुसरे मूल झाले किंवा वडिलोपार्जित खोलीत भावाभावांची दाटी झाली, की मुंबईतील मध्यमवर्गीय कुटुंबासमोर एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो: शहरातच राहावे की वसई-विरारकडे घर घ्यावे? हा प्रश्न आपण बहुधा पैशाच्या भाषेत मांडतो. आमच्या मते तो मुळात न्यायाचा प्रश्न आहे.

दोन्ही बाजूंना वजन आहे. गिरगाव-माझगावच्या चाळींतील कितीतरी खोल्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे नाममात्र भाड्यात कुटुंबांकडे टिकून राहिल्या. शाळा, रुग्णालय, कचेरी सारे हाकेच्या अंतरावर. पण तेथे अभ्यासाला कोपरा नाही, नव्या सुनेला आडोसा नाही, आजाऱ्याला निवांतपणा नाही. वसईत निदान दोन खोल्या, वारा आणि उजेड मिळतो. मोकळ्या जागेची ओढ ही चैन नव्हे; माणसाच्या प्रतिष्ठेचीच ती मागणी आहे.

मात्र या मोकळ्या जागेची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: एक बँकेत आणि दुसरी रेल्वेच्या फलाटावर. वसई रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे ५२ किलोमीटर. घरापासून स्थानक, गाडीची प्रतीक्षा, प्रवास आणि पुढची पायपीट धरता जाण्यायेण्यात रोज चार तास सहज जातात. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर १२०० तास, म्हणजे पूर्ण ५० दिवस आणि ५० रात्री. वीस वर्षांच्या कर्जफेडीत त्यांचे १००० दिवस होतात. कर्जाच्या कागदावर या हप्त्याचा उल्लेख नसतो.

हा हप्ता कोण भरतो? पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी खास महिलांची लोकल सुरू केली. पुढे ती विरारपर्यंत धावू लागली. गाडीत बसून भाजी निवडणाऱ्या महिलांचे आपण सारेच कौतुक करतो. पण त्या कौतुकाखाली एक गोष्ट झाकली जाते: घरी ती भाजी दुसऱ्या कोणी निवडावी, हे कोणाला सुचत नाही. घरी पोहोचल्यावर नवऱ्याचा दिवस संपतो. तिचा दुसरा दिवस सुरू होतो.

त्यागाशिवाय कुटुंब उभे राहत नाही, हे खरेच. परंतु स्वेच्छेने दिलेला त्याग वेगळा आणि गृहीत धरून घेतलेला त्याग वेगळा. पहिल्याने प्रेम वाढते. दुसऱ्याने मनात कडवटपणा साचत जातो. शिवाय 'मुलांसाठी' घेतलेल्या घरातून मुले उठण्यापूर्वी बाप निघतो आणि ती झोपल्यावर परततो, तर ते घर मुलांचे कितपत झाले?

अंतराचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे महामारीने दाखवून दिले. २३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाली. सर्वसामान्यांना ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठरावीक वेळांतच, खुली झाली. ज्यांचे काम घरबसल्या होण्याजोगे होते त्यांना उपनगर वरदान वाटले. ज्यांना हजर राहिल्यावाचून पगार नव्हता, त्यांना तेच अंतर दुप्पट झाले.

उलट्या दिशेने जाणाऱ्यालाही हाच न्याय लागू पडतो. वसईची वाडी सोडून नोकरीच्या सोयीसाठी मुंबईत बिऱ्हाड करणाऱ्या मुलाचे चार तास वाचतात. पण त्याची किंमत कित्येकदा गावातल्या मोठ्या घरात एकटे राहणारे आईवडील मोजतात.

शहर बरे की उपनगर, याचा निवाडा आम्ही करू इच्छीत नाही. कित्येकांचा निर्णय त्यांची मिळकतच करून टाकते. पण जेथे निवड आहे तेथे, सौदा पक्का करण्यापूर्वी, घरातील प्रत्येकाला, धाकट्या मुलाला आणि म्हाताऱ्या आईलाही, विचारावे: यात तुझ्या वाट्याला काय येणार? जेथे निवड नाही तेथे आलेले ओझे तरी वाटून घ्यावे. पहाटेचा डबा कोण भरणार, हे ठरविल्यावाचून नव्या घराची किल्ली हाती घेऊ नये.