हळदीचं पान

रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाला पिवळाच रंग का, असं सहसा कुणी विचारत नाही. कनेरगाव नाक्यावरून जाणारा अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, म्हणून त्याच्या दगडाचं डोकं पिवळं. तोच राज्यमार्ग असता तर ते हिरवं असतं, ग्रामसडक योजनेतला असता तर केशरी. कृषी सेवा केंद्रात शिरलं तर कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर एक तिरपा चौकोन दिसतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर औषध अतिजहाल. त्याहून कमी विषारी ते पिवळं, मग निळं, आणि हिरवं सगळ्यांत सौम्य. रेशनच्या दुकानात पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तीन कार्डं. ही तिरंगी कार्डं आली १ मे १९९९ पासून, आणि परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला तोही त्याच दिवशी. पंधरा हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्न असेल तर पिवळं, तिथून एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं.

यातला एकही रंग देखणा दिसावा म्हणून निवडलेला नाही. प्रत्येकाला एक काम नेमून दिलेलं आहे. ते काम लोकांच्या इतकं अंगवळणी पडलंय की तहसीलमध्ये 'आमचं केशरी आहे' एवढं म्हटलं तरी टेबलापलीकडच्या माणसाला घरची कमाई कळते. (ती खरी असते की नाही, हा वेगळा विषय.)

आता अशाच नाक्यावरचा एखादा पोरगा धरा. संगणकाचा कोर्स केलेला, आणि गावातल्या हळदीच्या व्यापाऱ्यासाठी वेबसाइट बनवायला घेतलेला. मजकूर जमतो, फोटो जमतात, भावाचा तक्ताही जमतो. गाडी अडते ती रंगाशी. समोर रंगांची पेटी उघडते आणि तिच्यात १,६७,७७,२१६ रंग असतात: लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या, त्यांचा गुणाकार. 'मला चित्रकलेतलं काही कळत नाही' असं म्हणून तो एखाद्या मोठ्या कंपनीच्या पानावरचे रंग उचलतो, नाहीतर सगळेच रंग थोडे थोडे वापरतो. माझं म्हणणं असं की त्याची भीती चुकीच्या जागी आहे. हा प्रश्न चित्रकलेचा फार थोडा आहे. आधी तो वाचता येण्याचा आहे, मग गावात त्या रंगाचा अर्थ काय लागतो याचा, आणि आवडीनिवडीचा नंबर त्यानंतर.

उलट ज्याने शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, स्मरणचित्रं आणि संकल्पचित्रं रंगवली, त्याला पडद्यावर थोडं विसरावं लागतं. लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग आणि पिवळा काही मिसळून बनत नाही, असं तो शिकलेला असतो. मोबाइलच्या पडद्यात मात्र पिवळा ठिपकाच नाही. लाल आणि हिरवा प्रकाश शेजारी शेजारी पेटतो आणि डोळा त्याला पिवळा म्हणतो. वसमतच्या हळदीचा फोटो कितीही पिवळाधमक दिसला तरी त्याच्या प्रकाशात पिवळ्याचा स्वतंत्र ठिपका शोधून सापडायचा नाही.

यातून हळदीच्या व्यापाऱ्याची पहिली अडचण उभी राहते. त्याचं पान पिवळं हवं, हे तर उघडच आहे. पण पडद्यावर डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणजे पांढऱ्याच्या ९३ टक्के उजेड. म्हणून पिवळ्यावर पांढरी अक्षरं लिहिली की ती गायब होतात. वेबच्या सुगम्यतेचे जे नियम २००८ साली आले, त्यांत हे मोजायची रीत दिलेली आहे: दोन रंगांच्या उजेडात प्रत्येकी ०.०५ मिळवायचे आणि मोठ्याला लहानाने भागायचं. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी उत्तर निदान ४.५ यावं. शुद्ध पिवळ्यावर पांढरं लिहिलं तर ते १.०७ येतं, आणि त्याच पिवळ्यावर काळं लिहिलं तर साडेएकोणीसच्या वर जातं. राष्ट्रध्वजातल्या केशरीचं बघा. संगणकावर तो सहसा एफएफ९९३३ या आकड्याने लिहितात. त्यावर पांढरं लिहिलं तर २.१३, काळं लिहिलं तर ९.८६. आपल्याकडच्या किती संस्थांच्या, पतपेढ्यांच्या, देवस्थानांच्या पानांवर केशरी पट्टीवर पांढरं नाव असतं ते आठवा. नाव मोठं असतं म्हणून कसंबसं निभावतं. खालची सूचना कुणी वाचत नाही, आणि मग 'लोक सूचना वाचतच नाहीत' अशी तक्रार होते.

त्या सूत्रातले ०.०५ कशाला, हे मला सगळ्यांत रंजक वाटतं. पडद्यावर खोलीतला उजेड पडतो आणि परत डोळ्यात येतो, त्याची ती तजवीज आहे. म्हणजे सूत्र करणाऱ्यांच्या मनात खोली होती. नाक्यावरची एप्रिलची दुपार नव्हती. हळद शिजवून अंगणात वाळत घातली आहे, पारा चाळिशीच्या वर, आणि शेतकरी एका हाताने मोबाइलवर सावली धरून भाव बघतोय. समजा त्या उन्हाने ०.०५ च्या जागी ०.५ झाले. पांढऱ्यावर काळं लिहिलं तर एरवी येणारं २१ हे उत्तर तेव्हा ३ वर उतरतं. आणि जो नाजूक करडा रंग नियमात ४.५ ला जेमतेम पास होतो, तो २.२ वर येतो. शहरातल्या थंड खोलीत बसून ठरवलेला करडा मजकूर इथे कोरा कागद होतो.

त्यात आपली लिपी देवनागरी. इंग्रजी अक्षर थोडं फिकं झालं तरी त्याचा सांगाडा उरतो. आपल्याकडे अर्थ एका टिंबावर असतो. अनुस्वार उडाला की 'पेढा' आणि 'पेंढा' एकच. मिठाईवाल्याच्या पानावर तो उडून चालेल, पण वैरण विकणाऱ्याच्या पानावर नाही. म्हणून मराठी मजकुराला मी ४.५ वर थांबणार नाही. सातच्या पुढे जावं, अक्षर मोठं ठेवावं, आणि फिक्या करड्याची हौस इंग्रजी पानांसाठी सोडून द्यावी.

इथपर्यंत डोळा कलावंताचा असण्याची गरज पडलेली नाही. भागाकार येत असला की पुरे.

पुढचा भाग मात्र भागाकाराने सुटत नाही. पण तो सोडवणारी माणसं आपल्याच घरात असतात. वाशीमच्या किंवा हिंगोलीच्या साडीच्या दुकानात गादीवर बसलेल्या बायकांची बोलणी कान देऊन ऐकावीत. 'काठ उठत नाही', 'हा पदर अंगाच्या रंगाला मारतोय', 'रंग खुलतोय पण भडक नाही', 'रोजच्याला मळखाऊ बघा'. यांतल्या बहुतेकींनी शाळेनंतर रंगाची वडी हातात धरलेली नसते. तरी साडीचं मोठं अंग एका रंगाचं, काठ त्याच्याशी भांडण न करता वेगळा, आणि सगळी मिजास पदरात, हे प्रमाण त्यांना पाठ असतं. डिझायनर मंडळी साठ-तीस-दहा म्हणून जे शिकवतात ते याहून फारसं वेगळं नाही. व्यापाऱ्याच्या पानाला हेच लावावं. अंग पांढरं किंवा अगदी फिकं, काठाला गडद तपकिरी, आणि हळदीचा पिवळा फक्त पदराला, म्हणजे जिथे बोट टेकवून फोन लावायचा त्या बटनाला, आणि त्यावर अक्षरं काळी. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल तयार होतो. तो गडद लाल पिवळ्याशेजारी कधी परका वाटत नाही, कारण आपल्या डोळ्यांनी ही जोडी देवघरात जन्मभर पाहिलेली आहे.

'काठ उठत नाही' या तक्रारीमागचं शास्त्र एका रसायनशास्त्रज्ञाने शोधलं. पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवरच्या गालिच्यांच्या सरकारी कारखान्यात मिशेल शेव्हरल हा रंगखात्याचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. काळ्या धाग्याच्या शेजारी जे धागे होते, त्यांच्यामुळे तो फिका भासत होता. १८३९ साली त्याने त्यावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि पुढे चित्रकार त्याच्याकडून शिकले. म्हणून पेटीतला एकेक रंग वेगळा काढून 'हा चांगला, हा वाईट' असं ठरवण्यात अर्थ नाही. जो शेजार पानावर असणार आहे त्या शेजारात ठेवून तो बघावा.

रंग मोजण्यावर सगळी भिस्त ठेवणारेही फसतात. दोन निळ्यांत निर्णय होईना म्हणून गूगलमध्ये त्यांच्या मधल्या ४१ छटा तपासल्या गेल्या. डग्लस बोमन हा तिथला डिझायनर २००९ मध्ये बाहेर पडला तेव्हा त्याने हा किस्सा लिहून ठेवला. नाक्यावरच्या पोराकडे ४१ छटा तपासायला लाखो गिऱ्हाइकं नाहीत, हे त्याचं भाग्यच.

त्याच्यापुढे वेगळं संकट आहे. इथे रंग मोकळे नाहीत. भगवा, निळा, हिरवा यांचे झेंडे चौकात उभे आहेत. रंगशास्त्राच्या पुस्तकात केशरी म्हणजे उत्साह आणि निळा म्हणजे विश्वास असं लिहिलेलं असतं. निवडणुकीच्या दिवसांत तो उत्साह कुणाचा, हे लोक ताबडतोब ओळखतात. पोहरादेवीला जाणारी बंजारा मंडळी याच पट्ट्यातली, नामदेवांच्या नर्सीला जाणारे वारकरी इथलेच, धम्मचक्र दिनाला नागपूरला निघणारेही इथलेच. व्यापाऱ्याला सगळ्यांची हळद घ्यायची असते. त्याच्या पानावर चौकातल्या झेंड्यांतला एकच रंग डोक्यावर चढला तर दुकानाने बाजू घेतली असं होतं. इथे परगावच्या पट्टीच्या चित्रकारापेक्षा गावातला अडाणी डोळा जास्त शहाणा ठरतो. आणि अर्थ दिवसागणिक बदलतो हेही त्याच डोळ्याला ठाऊक असतं: एरवी शुभकार्यात नको असलेली काळी साडी संक्रांतीला हौसेने नेसली जाते. नवरात्रात तर वारावरून ठरलेले रंग लाखो बायका बिनतक्रार नेसतात. ती चाल या शतकाच्या सुरुवातीला एका मराठी दैनिकाने लोकप्रिय केली. तिला परंपरा म्हणणारे भेटतात तेव्हा मला हसू येतं, पण रंग ठरवून दिला की माणसं किती सुखी होतात हे त्यातून कळतंच.

एक गोष्ट गावातल्या डोळ्यालाही दिसत नाही, कारण ती दुसऱ्याच्या डोळ्यातली असते. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष सगळीकडे असतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत ते शंभरात आठ. फेसबुकचा मार्क झुकरबर्ग यालाही हा फरक कळत नाही. निळा आपल्याला सगळ्यांत चांगला दिसतो असं त्याने २०१० मध्ये सांगितलं होतं, आणि फेसबुक निळं आहे. आपल्याकडे खाद्यपदार्थांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि मांसाहाराचा तपकिरी ठिपका असे. हा फरक काहींना कळत नाही म्हणून मांसाहाराच्या खुणेचा आकारच बदलून त्रिकोण करण्यात आला. मला हा सरकारी निर्णय फार आवडतो. रंगाने जे सांगायचं ते आकारानेही सांगितलेलं असावं.

आता हळदीच्या पानावरचा शेवटचा रंग उरतो, आणि तो सगळ्यांत अवघड आहे. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डातला क्विंटलचा भाव कालच्यापेक्षा वाढला की घटला, हे दाखवायचं आहे. शेअर बाजाराच्या सवयीने पोरगा वाढीला हिरवा आणि घटीला लाल लावेल. चीन आणि जपानच्या बाजारात हे बरोबर उलट असतं, तिथे चढत्या भावाला लाल. म्हणजे निसर्गाने काही ठरवून दिलेलं नाही. मग हिरवा कुणाच्या बाजूने? भाव चढला की शेतकऱ्याला आनंद. खरेदीदाराला नाही. हे पान दोघंही बघणार, आणि पानाचा मालक दोघांच्या मधे बसलेला. इथे मी रंग देणारच नाही. आकडा मोठा, काळा, पांढऱ्यावर. शेजारी वर किंवा खाली दाखवणारा बाण, तोही काळाच. कालचा भाव त्याखाली लहान अक्षरात, पण उन्हात वाचता येईल इतपत.