दया पदरची असावी

सत्य बोलावे आणि दया करावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही दोन्ही एकाच घरी सुखाने नांदतात, असा आपला समज असतो. परंतु संसारात कधीकधी अशी वेळ येते की, सत्य एकीकडे ओढते आणि दया दुसरीकडे. अशा वेळी सज्जनाने कोणाचा हात धरावा? हा प्रश्न नुसता पोथीतला नव्हे. आज गावोगावच्या दवाखान्यांत एका साध्या टेबलाशी तो रोज उभा राहतो. विम्याचे कागद कंपनीकडे धाडण्यापूर्वी जेथे तपासून पाहतात, ते हे टेबल.

काम दिसायला किरकोळ. क्लेमचा फॉर्म, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, तपासण्यांचे अहवाल, औषधांची बिले हे सारे एकमेकांशी जुळते की नाही ते पाहायचे. पॉलिसीवर नाव ‘दत्तात्रय’ आणि आधारकार्डावर ‘दत्तू’, तर कागद अडतो. मोतीबिंदू उजव्या डोळ्याचा काढला आणि डिस्चार्ज कार्डावर डावा डोळा पडला, तर अडतो. औषधाच्या बिलाची तारीख डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या आधीची असली, तरी अडतो. एका अक्षरापायी गरिबाचे पैसे महिनोन् महिने लोंबकळतात. म्हणून हे काम मन लावून करणारा माणूस मोठी सेवा करतो, यात संशय नाही.

पण खरी परीक्षा पुढेच आहे. समजा, एका मालमोटार चालवणाऱ्या गृहस्थाच्या पायाची जखम चिघळली. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिले, ‘मधुमेह पाच वर्षांपासून.’ आणि विमा घेऊन झाली आहेत दोन वर्षे. घेताना मधुमेहाचा उल्लेख केलेला नाही. एजंटाने विचारले नाही, यांनी सांगितले नाही. आधीपासूनच्या आजाराला काही काळ थांबावे लागते. २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे. म्हणजे क्लेम नामंजूर होण्याचा संभव मोठा. बिल लाखाच्या वर. बायको टेबलापाशी येऊन पदराने डोळे पुसते आणि म्हणते, “ताई, त्या पाचाचा एक करा की. एवढ्यानं कंपनीचं काय जातंय? आमचं मात्र घर जाईल हो.”

काय करावे ताईंनी? समोर रडणारी माय आहे, आणि पलीकडे न दिसणारी कंपनी. हात लेखणीकडे जातो, तो लोभाने नव्हे, कळवळ्याने. म्हणून या मोहाला पाप म्हणून झिडकारून भागत नाही. त्याचा विचार करावा लागतो.

पहिला विचार हा की, कंपनीचे म्हणून जे आपण म्हणतो ते पैसे कोणाचे? दिंडीत आपण भिशी भरतो. वाटेत कोणी जास्त जेवतो, कोणी आजारी पडतो, कोणाला गाडीत बसवून न्यावे लागते. सगळ्यांच्या भिशीतून सगळ्यांचे चालते. विम्याचेही मूळ हेच. मालक नफा घेतो हे खरे, परंतु भरपाईचा पैसा हप्ता भरणाऱ्यांकडूनच आलेला असतो. त्यात शिक्षक आहे, दुकानदार आहे, दुसरा मोटारवालाही आहे. खोटे क्लेम वाढले म्हणजे पुढचा हप्ता वाढतो, आणि ज्याला तो झेपत नाही तो या मंडळीतून आधी बाहेर पडतो. म्हणजे एका गरिबाचे अश्रू पुसताना आपण दुसऱ्या गरिबाच्या खिशात हात घालतो. फक्त तो आपल्याला दिसत नाही एवढेच.

येथे कोणी म्हणेल, “अहो, मग दामाजीपंतांचं काय? त्यांनी तर दुष्काळात बादशहाचं धान्य वाटलं!” शंका रास्त आहे. परंतु आपण कीर्तनात ऐकतो त्या कथेकडे नीट पाहा. मंगळवेढ्याच्या त्या अधिकाऱ्याने धान्य वाटले आणि दप्तरात ‘उंदरांनी खाल्ले’ असे लिहून ठेवले, असे कथेत नाही. कोठार उघडले ते दिवसाढवळ्या. बेदरचे बोलावणे आले तेव्हा जी शिक्षा होईल ती आपल्या शिरावर घ्यायला ते निघाले. पाचाचा एक करणारी लेखणी मात्र गुपचूप चालते, आणि आपल्यावर काही येऊ नये अशी तजवीज करून चालते. दोहोंत हे अंतर आहे.

तुकोबारायांची गोष्टही आठवावी. कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे सर्वांना ठाऊक असते. पण परंपरा असेही सांगते की, धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, वाट्याची खते त्यांनी आधी वेगळी करून दिली आणि मग आपल्या वाट्याची बुडवली. दया करायची ती आपल्या वाट्यातून. भावाच्या वाट्याचे पाण्यात टाकायचा अधिकार त्यांनीसुद्धा घेतला नाही.

दुसरा विचार रोग्याचा. केसपेपर काही केवळ कंपनीसाठी नसतो. उद्या दुसरा डॉक्टर तोच वाचणार. मधुमेह पाच वर्षे मुरलेला असेल तर डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा यांकडे अधिक काळजीने पाहावे लागते. ‘एक वर्ष’ वाचून तो गाफील राहिला, तर दयेने लिहिलेला आकडा त्याच माणसाच्या पायावर उठेल. शिवाय पाच वर्षे सलग हप्ते भरल्यावर, मागे काही सांगायचे राहिले म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, असे संरक्षण आज आहे. पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ते लागू नाही. न सांगणे ही चूक होती. खोडाखोड ही फसवणूक होते.

मात्र सत्याची ही बाजू सांगून थांबणे हाही अन्याय होईल. कंपनी चुकतच नाही असे नाही, आणि केसपेपरही चुकतो. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी घाईत विचारले, भाच्याने “लई दिवस झालं” म्हटले, आणि कागदावर पडले ‘दहा वर्षे’. तपासणाऱ्याने हे पाहून गप्प बसावे काय? मुळीच नाही. रोग्याला विचारावे, जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे जुने अहवाल मागावेत. आकडा खरोखर चुकला असेल तर डॉक्टरांनी स्वतः, तारीख घालून, सही करून दुरुस्ती करावी. जो खोटा आकडा रोग्याच्या बाजूने लिहीत नाही, त्याने रोग्याच्या विरुद्ध पडलेला खोटा आकडाही जाऊ देऊ नये. आणि खरा क्लेम नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे तक्रार, आणि तीस दिवसांत उत्तर न आले वा समाधान न झाले तर विमा लोकपालाकडे, ही वाट त्या कुटुंबाला दाखवावी. पुण्यात आणि मुंबईत लोकपालाचे कार्यालय आहे; तेथे फी लागत नाही.

आणि ती पदराने डोळे पुसणारी बाई? तिला “नियम आहे” एवढे सांगून वाटेला लावणे हे सत्य नव्हे, तो आळस आहे. आजार व दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे पाहावे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. पुढच्या उपचाराला तिकडे जागा आहे का, हे फोन करून विचारावे. डॉक्टरसाहेबांना आपली फी कमी करता येईल. बिलाचे हप्ते पाडता येतील. यातले प्रत्येक काम पाचाचा एक करण्यापेक्षा कष्टाचे आहे. लेखणीची दया एका क्षणात होते, आणि तिची किंमत दुसराच कोणी भरतो. ही दया संध्याकाळचा तास घेते, कोणाची मिनतवारी करायला लावते, कधी खिशातलेही घेते.

इतके करूनही कधी पैसे मिळणार नाहीत, आणि त्या घरावर कर्ज चढेल. सत्य वागले म्हणजे सारे गोड होते, असे सांगणे हेही एक खोटेच. पण त्या माउलीला एवढे तरी कळेल की, या टेबलाशी बसलेल्या माणसाने आपल्यासाठी होते तेवढे सारे केले, आणि कोणाचे चोरून काही दिले नाही. तात्पर्य, सत्य आणि दया यांचे भांडण दिसते ते बहुधा आपण दया स्वस्तात करू पाहतो म्हणून. तिचे मोल स्वतः मोजायची तयारी ठेवली, म्हणजे दोघी पुन्हा एका घरी नांदू लागतात.