शेजारच्या बाकावरचा माणूस



२० मार्चला आपण महाडला जातो. मुंबईहून निघालेली आपली गाडी पनवेलच्या पुढे ज्या रस्त्याला लागते, तो रस्ता पुढे कोठे जातो, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला असेल? तो महाडला थांबत नाही. कोकण, गोवा, कर्नाटक आणि केरळ ओलांडून तो थेट कन्याकुमारीला पोहोचतो. आज त्याला ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणतात. त्याच्या त्या दुसऱ्या टोकाकडे आज तुम्ही माझ्याबरोबर मनाने चला. वाटेत एकाच प्रश्नाचा विचार करू. अनोळखी माणूस आपल्या शेजारी बसला, म्हणजे तो आपला बंधू झाला काय?

समजा, तुम्ही एकटेच आहात. पहाटे कन्याकुमारीला बसमध्ये चढला आहात आणि दिवस मावळेपर्यंत केरळातील वायकोम गाठायचे आहे. अंतर अडीचशे किलोमीटरांहून अधिक. वाटेत गाड्या बदलाव्या लागणार. भाषा येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत. गावाचे नाव सांगायचे, पैसे पुढे करायचे, तिकीट घ्यायचे. कंडक्टर तुमची जात विचारत नाही. शेजारचा म्हातारा अंग चोरून तुम्हाला जागा करून देतो. तुम्हाला वाटेल, हीच समता! आणखी काय हवे?

ही लहान गोष्ट नव्हे. १९०१ साली बालवयातील बाबासाहेब भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरले, तेव्हा दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांच्याबरोबर गाडीत बसेना. मुलांनी गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे, हे त्याला पत्करले. १९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर होऊन चाळीसगावला आले, तरी टांगेवाला त्यांना नेईना. ज्यांच्या वाडवडिलांना गाडीत जागा नव्हती, त्यांना तिकिटाच्या कागदाचे मोल कळते.

परंतु तिकिटाने काय मिळते आणि काय मिळत नाही, हेही पाहिले पाहिजे. ज्या तमिळनाडूच्या गाडीत तुम्ही सकाळी बसलात, त्या राज्यात एके काळी परिवहन महामंडळांना थोर पुरुषांची नावे होती. १९९७ साली विरुधुनगर भागातील नव्या महामंडळाला वीरन सुंदरलिंगम यांचे नाव दिले गेले. सुंदरलिंगम हे इंग्रजांशी लढलेले दलित वीर. स्वतःला वरचे समजणाऱ्यांनी त्या नावाच्या गाडीत बसण्यास नकार दिला. दंगली झाल्या. अखेर सरकारने सगळ्याच महामंडळांची आणि जिल्ह्यांची पुढाऱ्यांची नावे काढून टाकली. विचार करा! त्या गाड्यांत दलित माणूस रोज शेजारी बसत होता, ते चालत होते. त्याच्या पूर्वजाचे नाव गाडीवर आले, ते मात्र चालले नाही. शेजार सोसला, सन्मान सोसवला नाही.

नागरकोईल मागे पडते. हा सारा पूर्वीच्या त्रावणकोर संस्थानाचा मुलूख. येथे नाडार स्त्रियांना अंगभर वस्त्र घेण्यासाठी झगडावे लागले आणि १८५९ साली त्यांना ती परवानगी मिळाली. तिरुवनंतपुरम येण्यापूर्वी डाव्या हाताला, थोडे आत, वेंगानूर गाव आहे. पुलया समाजातील अय्यंकाली येथे १८६३ साली जन्मले. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या काळी अस्पृश्यांना सार्वजनिक रस्त्यावरून मोकळेपणी चालण्याचीही बंदी होती. १८९३ साली अय्यंकालींनी बैलगाडी विकत घेतली, अंगावर चांगले वस्त्र घातले आणि त्याच रस्त्यावरून ती गाडी हाकली. पुढे आपल्या मुलांना शाळेत घेतले जात नाही म्हणून त्यांनी शेतमजुरांचे काम बंद पाडले. तुमची बस आज ज्या मुलखातून बिनदिक्कत धावते, तेथे वाट अशी मोकळी झालेली आहे.

दुपारी कोल्लम येते. ऊन चढते, कपडे अंगाला चिकटतात, डोळे मिटू लागतात. पुढे अंबलप्पुळ्याजवळ करुमाडी गावी काळ्या पाषाणाची बुद्धमूर्ती आहे. तिचे अर्धे अंग नाहीसे झाले आहे. गावकरी तिला प्रेमाने ‘कुट्टन’, म्हणजे पोरगा, म्हणत आले. या भूमीवर तथागतांचे नाव एकदा उच्चारले जात होते, याची ती साक्ष आहे.

आलप्पुळा सोडून, वेंबनाड सरोवरावरील तण्णीरमुक्कमचा बांध ओलांडून, तुम्ही सायंकाळी वायकोमला उतरता. महादेवाच्या मंदिराभोवतीच्या रस्त्यांवर अस्पृश्यांना बंदीच्या पाट्या होत्या. ३० मार्च १९२४ रोजी तीन माणसे तेथे चालत गेली. पुलया समाजातील कुंजप्पी, ईळवा समाजातील बाहुलेयन आणि नायर समाजातील गोविंद पणिक्कर. पोलिसांनी त्यांना जात विचारली. नायर जाऊ शकेल, इतर दोघे नाहीत, असे सांगितले. पणिक्करला वाट मोकळी होती. तो गेला नाही. सोबत्यांना सोडून मी जाणार नाही, असे तो म्हणाला आणि तिघेही पकडले गेले. पुढे ईरोडहून पेरियार आले आणि दोनदा तुरुंगात गेले. १९२५ च्या अखेरीस चारपैकी तीन रस्ते सर्वांना खुले झाले.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला या ठिकाणी सापडते. रस्ता कायद्याने खुला होतो, बाकावरची जागा तिकिटाने मिळते. पण ‘तू येणार नसशील तर मीही जाणार नाही’, हे कोणता कायदा म्हणायला लावील? बाबासाहेबांनी १९५४ साली सांगितले, की आपली स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. त्यांत त्यांनी बंधुतेला सर्वोच्च स्थान दिले, कारण कायदा मोडता येतो. तथागतांनी सांगितलेली मैत्री ती हीच.

आता हा प्रश्न आपल्या घरात आणू या. आपल्यापैकी एखाद्याला शिक्षण मिळाले, नोकरी लागली, शहरात खोली मिळाली. त्याच्यासाठी पाटी निघाली. मागे गावात राहिलेल्या भावाकडे तो वळून पाहतो काय? वेगळ्या जातीतून धम्मात आलेले कुटुंब आपल्या विहारात शेजारी बसते, आपल्याबरोबर त्रिशरण म्हणते. मग मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली, की ‘पूर्वी तुम्ही कोण?’ हे आपल्याच तोंडून कसे येते? वायकोमच्या पोलिसाने तरी याहून निराळे काय विचारले होते?

पुढच्या वेळी बसमध्ये बसाल, तेव्हा शेजाऱ्याला जागा द्या. त्याने तुम्ही कोण असे विचारले, तर मान वर करून ‘मी बौद्ध’ असे सांगा. आणि घरी परतल्यावर, आपण कोणाला मागे सोडून पुढे निघालो आहोत, हे एकदा पाहा.

जयभीम!