न्यायाचा आरंभ कोणाच्या दारी?

सर्वांना एकच नियम लावला की न्याय झाला, असे आपण सहज म्हणतो. पण तो नियम आधी कोणाला लावायचा, हे त्या नियमात लिहिलेले नसते. ते विवेकाने ठरवावे लागते.

सुरत शहराचे उदाहरण पाहा. पोटापाण्यासाठी गेलेले खानदेशातील असंख्य मराठी बांधव तेथे राहतात. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. अधिकाऱ्यांनी रोज खुर्ची सोडून रस्त्यावर उतरावे, असा दंडक त्यांनी घातला. बेकायदा बांधकामे पाडताना हातोडा आधी धनिक व वजनदार मंडळींच्या दारी गेला. १९९६ मध्ये ‘इन्टॅक’ संस्थेच्या पाहणीत सुरत हे चंडीगडखालोखाल स्वच्छ शहर ठरले.

समजा, आरंभ झोपडीपासून झाला असता तर? नियम तोच राहिला असता. पण बंगल्याची वाढीव खोली गेली तर सोय जाते. झोपडी गेली तर छप्पर जाते. नियम एक, झळ मात्र निराळी. शिवाय दुर्बळापासून निघालेला हातोडा सबळाच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचतो.

आपण कोणत्या घरी जन्मणार हे ठाऊक नाही असे मानून समाजाचे नियम ठरवा, असे जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये सांगितले. अमर्त्य सेन यांनी २००९ मध्ये आपल्याच परंपरेतील दोन शब्द घेऊन भेद दाखविला : नियम व संस्था चोख असणे ही नीती, त्यांतून माणसांच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येते ते पाहणे हा न्याय.

कोणी विचारील, अधिकाऱ्याच्या विवेकावर सारे सोपविणे धोक्याचे नाही काय? आहेच. विवेकाच्या नावाखाली पक्षपातही शिरतो. म्हणून त्याला कसोटी हवी. ज्याला दुखविल्याने आपल्यालाच किंमत मोजावी लागेल, त्याच्या दारी आधी जावे. ज्याचे सर्वस्व जाणार आहे, त्याच्याकडे शेवटी जावे, आणि तेही निवाऱ्याची सोय करूनच.

हा विचार केवळ आयुक्तांसाठी नाही. ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत, गृहनिर्माण सोसायटीत आपणही निर्णय देत असतो. थकबाकीदारांच्या यादीतून पहिली नोटीस कोणाच्या नावे निघते, हे प्रत्येकाने एकदा तपासून पाहावे.