नुसतं भागवतो

पुणे-सातारा रस्त्यावर खेड शिवापूर आणि नसरापूर यांच्यामध्ये वरवे बुद्रुक लागतं. लागतं असं म्हणायचं. बहुतेकांना ते लागत नाही. गाडी वेगात असते आणि नजर हॉटेलांच्या पाट्यांवर. या पट्ट्यातल्या पाट्यांवर दोन शब्दांची चलती आहे, ‘चुलीवरचं’ आणि ‘घरगुती’. चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी, घरगुती जेवण. शहरातलं घर सोडून तासभर गाडी हाकत यायचं आणि घरगुती जेवायचं, यातली गंमत आता कोणाला जाणवतही नाही.

पाट्यांच्या पाठीमागे, गावाच्या अंगाला गेलं की भाड्याच्या खोल्या दिसतात. आसपासच्या कारखान्यांत आणि गोदामांत, तिकडे शिरवळच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारी मुलं अशा खोल्यांतून तिघं-चौघं मिळून राहतात. दहा बाय दहा, एक मोरी, एक खिडकी, खिडकीखाली कडाप्पा. अशाच एका दारात एक मुलगा पाच किलोचा सिलिंडर खांद्यावरून उतरवत होता. प्रस्तुत लेखकाने सहज विचारलं, “स्वयंपाक घरीच करता का?” मुलगा ओशाळला. “स्वयंपाक असा नाही हो काका. नुसतं भागवतो.”

हे ‘नुसतं’ काही दिवस दातात अडकल्यासारखं राहिलं. चार माणसांचं रोजचं पोट ज्यात भरतं, त्याला स्वयंपाक म्हणायची लाज का वाटावी?

मराठीत या बाबतीत दोन क्रियापदं आहेत आणि त्यांच्यात उच्चनीच आहे. पुरणपोळी ‘करतात’. पाहुणे येणार असले की काहीतरी ‘केलं’ जातं. घरात फक्त घरचीच माणसं असली, भाजी संपलेली असली, कंटाळा आलेला असला, की पिठल्यावर ‘भागवतात’. पण या दुसऱ्या क्रियापदाचा गोतावळा पाहिला तर तो मुळीच हलका नाही. भूक भागते, तहान भागते, देणं भागवतात, आणि गणितात आठाला चाराने भागतात. पुरणं, फिटणं, वाटून देणं, सगळं एकाच घरातलं. ‘करणे’ या क्रियापदाला बिचाऱ्याला इतके नातेवाईक नाहीत.

छोट्या जागेतल्या स्वयंपाकाबद्दल जे नेहमी सांगितलं जातं ते सर्वांना पाठ आहे: भांडी थोडी ठेवा, डबे एकावर एक रचा, आठवड्याची भाजी रविवारी आणा. ते बाजूला ठेवू. एका शेगडीवर जी खरी अडचण होते ती क्रमाची. आधी काय आणि मग काय. दोन शेगड्या असल्या की भात आणि आमटी शेजारी-शेजारी होतात. एक असली की त्यांची रांग लागते, आणि रांगेत पहिला उभा राहिलेला पदार्थ थंड होतो. जुन्या चुलीलासुद्धा ही अडचण नव्हती. तिला वैल असायचा. मुख्य तोंडाशी जाळ, आणि तिथून उरलेली धग मागच्या वैलावर. तिथे डाळ आपली सावकाश रटरटत बसायची. म्हणजे जिचं गरिबीचं चित्र काढलं जातं ती चूल दोन तोंडांची होती, आणि आजच्या खोलीतली शेगडी एका तोंडाची आहे.

या मुलांनी वैल कुठून आणला ते पाहण्यासारखं आहे. कुकरच्या तळाशी पाणी, खालच्या डब्यात हळद घातलेली डाळ, वरच्या डब्यात तांदूळ, त्यावर फट असेल तिथे दोन बटाटे. तीन शिट्ट्या झाल्या की कुकर उचलून फरशीवर, भिंतीच्या कोपऱ्यात. आत दाबामुळे पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास गेलेलं असतं, त्यामुळे खालचा जाळ गेला तरी वाफ जिरेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं शिजणं चालूच राहतं. एवढ्यात शेगडी मोकळी. कढई चढते, मोहरी तडतडते, कांदा पडतो, टोमॅटो असला तर तोही. कुकरचं झाकण उघडायला आणि फोडणी तयार व्हायला एकच गाठ पडते. डाळ कढईत ओतली की आमटी, बटाटे कुस्करून तिखट-मीठ-तेल लावलं की तोंडी लावणं. एकच जाळ, पण जाळ नसलेला कुकर हा दुसरी शेगडी. हॉकिन्सचे कुकर मुंबईत १९५९ पासून बनू लागले. ते शहरी गृहिणीचा वेळ वाचवण्यासाठी होते. उतरवून ठेवलेला कुकर म्हणजे वैल, हा शोध ज्याचा त्याने खोलीत लावलेला.

तांदळाचीही हीच कथा. भोर-वेल्ह्याच्या या बाजूला इंद्रायणी सहज मिळतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचं हे वाण १९८७ चं, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेलं. वास आंबेमोहोराकडून, उतारा दुसऱ्याकडून. पण हा भात मुळातच मऊ आणि चिकट, त्यात नवा असला तर पाणी कमी मागतो. एका वाटीला दोन वाट्या हा पाठ केलेला हिशोब त्याला लावला की डब्यात खळ तयार. पहिल्या आठवड्यात खळ खायची, दुसऱ्या आठवड्यात पाणी दोन बोटं कमी करायचं. नवखेपणावरचा हा इलाज दुकानात मिळत नाही.

पुस्तकात मिळतो का? मराठीत पाकपुस्तकं काही थोडी नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१० च्या ‘गृहिणी-मित्रा’ने नावातच हजार पाकक्रियांची ग्वाही दिली होती. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि प्रमाणं वाटी-चमच्यांत आली. याचं महत्त्व सुगरणींना कळणं कठीण. ‘अंदाजाने घाल’ हे वाक्य ज्याला अंदाज आहे त्यालाच उपयोगी. सासू-आई जवळ नसलेल्या, बदलीच्या गावी किंवा परदेशात संसार मांडलेल्या मुलींना कमलाबाईंनी वाटी हातात दिली, तेव्हा अंदाज नसलेल्या माणसालाही स्वयंपाकघरात शिरायचा परवाना मिळाला.

तरीही पाकपुस्तक पदार्थांचं असतं, जेवणाचं नसतं. एका पानावर पिठलं, दुसऱ्या पानावर भात. पिठलं ढवळताना भात कुठे ठेवायचा, हे दोन्ही पानांवर नाही. आणि पिठल्याच्या पानावर तरी काय असायचं? फोडणीच्या पाण्याला उकळी आणून त्यात कोरडं बेसन पेरायचं, ही एक रीत. तिला एक हात पेरायला आणि एक घोटायला लागतो, आणि मन लागतं. दुसरी रीत बेसन आधीच गार पाण्यात कालवून ओतायची. गुठळ्या होत नाहीत, जाणकार नाक मुरडतात, आणि रात्रपाळीहून सकाळी आलेला माणूस दहा मिनिटांत जेवायला बसतो.

भाकरीपाशी मात्र सगळं अडतं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नाही. कढत पाण्याने पीठ चिकट करून घ्यावं लागतं, मळावं लागतं, थापताना भाकरी परातीत फिरती ठेवावी लागते. परातीला जमीन हवी, मांडी घालायला जागा हवी, आणि चार गाद्यांच्या खोलीत मोकळी जमीन ही चैन आहे. शिवाय हाताला काही महिने द्यावे लागतात. घर सोडलेल्या माणसाच्या ताटातून पहिली जाते ती भाकरी. हे लक्षात आलं तेव्हा महामार्गावरच्या पाट्यांना हसणं थोडं आवरतं घ्यावं लागलं. जे खोलीत होऊ शकत नाही नेमकं तेच त्या विकतात.

हे सगळं एका स्नेह्याला सांगितलं. स्नेही हिशोबी. त्यांनी मोबाइलवरचा कॅल्क्युलेटरच उघडला. चार खोल्यांत चार शेगड्या, चार कुकर, चार वेळा फोडणी. तीच माणसं एका मेसला लावली तर गॅस, तेल आणि वेळ तिन्ही वाचतं. “तुम्ही अडचणीचं कौतुक करताय,” हा त्यांचा मुद्दा.

त्यावर दिलेली उत्तरं फारशी भारी नव्हती हे कबूल करायला हवं. मेसच्या वेळा ठरलेल्या, पाळी बदलली की उपास. मेसच्या आमटीत डाळ शोधावी लागते. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद, हा तर पुण्यात शिकलेल्या कुठल्याही माणसाच्या आठवणीतला खड्डा. “मग रविवारी वडापाव,” स्नेही म्हणाले. पुढे त्यांनी जे विचारलं त्याला मात्र उत्तर सुचलं नाही. “आहे त्यात भागवणं ही एवढी विद्या असेल, तर आजवर ती घराघरातून कोणी चालवली? बायकांनीच ना? तेव्हा तिच्यावर लेख नाही आले. चार पोरांनी कुकर फरशीवर ठेवला की लगेच विद्या.”

इथे थोडं आडवळण. पुण्याला शिकायला आलेली गरीब मुलं एकेकाळी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, आठवड्याच्या सात वारांना सात घरं. एखादा वार भरला नाही तर त्या दिवशी पाणी. आजच्या वाचकाला यातलं पुण्य दिसतं किंवा अपमान दिसतो. पण व्यवस्था म्हणून पाहिली तर ती फार मजेशीर होती: मुलाला भांडं नाही, शेगडी नाही, येणं-जाणं तेवढं त्याचं. सात चुलींवर एक माणूस भागवला जायचा. त्याच्या पाठांतरात संस्कृताबरोबर कुठल्या घरी ताक आंबट असतं हेही असायचं, आणि सात घरच्या आमट्या चाखलेल्या या मंडळींनी पुढे स्वतःच्या घरात बायकोच्या आमटीवर काय काय टीका केली असेल याची कल्पना करवत नाही.

मुंबईच्या गिरणगावात हिशोब उलटा होता. तिथे एका चुलीवर कितीतरी माणसं. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार गावाच्या मंडळाने घेतलेल्या खोलीत राहत. पाळी संपवून एक आला की दुसऱ्याने अंथरूण सोडायचं. जेवायचे खानावळीत. आणि खानावळ म्हणजे काय? पाटी नाही, टेबल नाही. चाळीतली एवढीशी खोली, तिच्यातच संसार, तिच्यातच स्टोव्ह, आणि एक बाई जी पाळीवरून येणाऱ्या माणसांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालते. पगाराला पैसे मिळायचे, किराणा मात्र आधी भरायचा. मधली फट सावकार भरायचा आणि व्याज घ्यायचा. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि पुढे गिरण्यांबरोबर जेवणारेही पांगले.

ही गोष्ट स्नेह्यांच्या बाजूची आहे असं वाटतं. अनेकांचं एकत्र शिजणं, म्हणजे मेसच की. पण खोलीचं माप पाहा. गिरणगावातली खानावळ हीच खरी अपुऱ्या जागेतली घरगुती रसोई होती. तिथेही क्रमाचाच खेळ: आधी कोणाची पाळी सुटणार, कोणाचं ताट आधी, भाकऱ्या कधी आणि कालवण कधी. घर एका बाजूला आणि मेस दुसऱ्या बाजूला अशी जी रेघ लेखकाने स्नेह्यांशी भांडताना ओढली होती, ती त्या खोलीत कुठून जाते हे सांगता येत नाही. ‘घरगुती’ हा शब्द आपण पदार्थाला चिकटवतो, तिखट कमी, तेल कमी, सोडा नाही. वरव्याच्या खोलीतल्या आमटीत तेल भरपूर असतं. तरी ती घरगुतीच, कारण ती किती जणांची आणि कोण कोण यायचं राहिलंय हे ढवळणाऱ्याला माहीत असतं. खानावळवालीलाही ते माहीत असायचं. महामार्गावरच्या हॉटेलला माहीत नसतं, चूल कितीही खरी असली तरी.

तेव्हा एका शेगडीची बाजू घ्यायला निघालेला लेखक शेगडी सोडूनच देतो. दोन असोत, चार असोत, नसोत. मोजायची तर माणसं मोजावीत. एकट्याने एका शेगडीवर रोज भागवणं खरोखरच कष्टाचं आणि महागाचं, तिथे स्नेही बरोबर. एकटा माणूस चार दिवसांत बिस्किटांवर येतो. चौघं आले की पाळ्या लागतात, एक कांदा चिरतो, एक भांडी घासतो, आणि ज्याला काहीच येत नाही तो सिलिंडर उचलतो. आणि ‘चूल वेगळी झाली’ याचा अर्थ आपल्याकडे घर वेगळं झालं असाच होतो. आमंत्रण सगळ्या घराला द्यायचं तर चूलबंद देतात.

सरकारही याच मताचं आहे, हे जरा उशिरा ध्यानात आलं. भारताच्या जनगणनेत कुटुंब ठरतं ते रक्तावरून किंवा आडनावावरून नव्हे. नेहमी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातून जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. ती नात्याची असली काय, नसली काय. २०११ च्या घरयादीत तर स्वयंपाकघर आहे का, स्वयंपाक आत होतो की बाहेर, की होतच नाही, असंही विचारलं होतं. तेव्हा ‘स्वयंपाक असा नाही’ म्हणणारा तो मुलगा प्रगणकाला काय सांगेल, ही पंचाईतच आहे. स्वयंपाक होतो असं सांगितलं तर चौघांचं कुटुंब झालं, आणि मग कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचं आलं. सिलिंडर एकाने आणलेला, कुकर दुसऱ्याच्या आईने दिलेला, खोलीची अनामत तिसऱ्याची. चौथ्याला भात बरा जमतो.